पाटी-पेन्सिलीच्या वर्गात उजनीचं पाणी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. बी.एड. झालं आहे, सकाळी शिकवण्या घेते आणि रात्री ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा’त स्वयंसेवक म्हणून वर्ग घेते. वर्गात बहुतेक विडी वळणाऱ्या बायका आहेत. निम्म्या घरी तेलुगू बोलणाऱ्या, काही मुस्लिम, दोघी-तिघी मराठी. सूप मांडीवर घेऊनच बसतात, हातातलं काम थांबवून अक्षर गिरवतात आणि पुन्हा विडी वळायला लागतात.

अडचण अशी की, शिकवताना विषय भलतीकडेच जातो. नळाला पाणी कधी येणार, लाडक्या बहिणीचे पैसे का आले नाहीत, कामगारांचे कायदे बदलले म्हणतात ते काय, असलं सगळं निघतं. महापालिकेच्या निवडणुकीत एक कार्यकर्ता पत्रकं घेऊन आला आणि “हीच वाचायला द्या, वाचन पण होईल” म्हणाला. मागच्या आठवड्यात तर एका अक्कांनी मोबाईलवर आलेला दंगलीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. वर्गातल्या एका खालांचं आणि त्यांचं जोराचं भांडण झालं. खाला आणि त्यांची सून तेव्हापासून येत नाहीत. आमचे केंद्रप्रमुख सर म्हणतात, “परीक्षा तोंडावर आहे. पुस्तक पुरं करा, राजकारणात शिरू नका.” घरी आई म्हणते, “नसत्या भानगडी कशाला?” मला मात्र वाटतं की या बायकांना हेच बोलायचं असतं. पण मला स्वतःलाच यातलं सगळं कुठं कळतं? काय करू?

– वर्गातल्यांची टीचर, सोलापूर


प्रिय टीचर,

बायका ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं मीही मारते.

आधी उत्तर देते, मग कारणं. हे विषय वर्गात येऊ द्या. तुम्ही थोपवलेत तरी ते यायचे राहणार नाहीत, फक्त तुमची पाठ फिरली की कुजबुजीत बोलले जातील. चाळिशीतली बाई घरचं पाणी, घरचा पैसा आणि गल्लीतली भीती उंबऱ्याबाहेर ठेवून येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘क कमळाचा’ पुरतो. हिला आयुष्यभर ज्या कागदांनी अडवलं, ते कागद वाचायचे असतात.

पण विषय आला की त्यावर आपलं मत सांगायचं, हे तुमचं काम नव्हे. प्रत्येक वादाच्या बुडाशी कुठेतरी एक कागद असतो, एखादा आकडा असतो, एखादी तारीख असते. ती शोधायची, फळ्यावर लिहायची आणि सगळ्यांकडून वाचून घ्यायची. एवढं केलंत तरी तुम्ही शिकवलंत. तुम्हाला सगळं कळायला हवं असंही मग उरत नाही. कागद तुमच्यासमोर जेवढा आहे तेवढाच त्यांच्यासमोरही आहे.

तुमच्या अक्कांना एक गोष्ट जरूर सांगा. त्यांच्याच भाषेच्या मुलुखातली आहे, कदाचित माहेरच्या माणसांकडून ऐकलीही असेल. 1991 च्या सुमारास आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग सुरू होते. वाचनाच्या पुस्तकात एका बाईची गोष्ट होती, नवऱ्याच्या दारूनं गांजलेल्या घराची. दुबगुंटा नावाच्या गावात बायका ती गोष्ट अडखळत वाचत होत्या, आणि वाचता वाचता आपल्याच घराबद्दल बोलायला लागल्या. मग त्यांनी मिळून गावातलं सारायचं, म्हणजे देशी दारूचं, दुकान बंद पाडलं. पुढच्या पुस्तकात दुबगुंट्याचीच गोष्ट धडा म्हणून आली, ती वाचून दुसऱ्या गावांतल्या बायका उठल्या, आणि 1995 च्या जानेवारीत अख्ख्या आंध्रात दारूबंदी लागू झाली. ती पुढे दोनेक वर्षांत सैल झाली, हेही सांगा, अर्धीच गोष्ट सांगू नका. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, त्या वर्गातल्या शिक्षकानं मोर्चा काढला नव्हता. त्यानं धडा वाचून घेतला आणि बायका बोलायला लागल्यावर त्यांना थांबवलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही बायकांच्या मतदानानं दारूचं दुकान बंद करता येतं. ‘आडवी बाटली, उभी बाटली’ म्हणतात ते. तिथला नियम वाचून घ्या, फार चांगला गणिताचा धडा आहे. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, पण ती मतदानाला आलेल्या बायकांच्या निम्म्याहून नव्हे, तर यादीत नाव असलेल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून. यादीत 2,000 नावं असतील तर 1,001 बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. जी घरी बसली ती न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूनं गेली. हे फळ्यावर मांडलंत की ‘निम्मे’ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागणार नाही.

आता पाणी. सुरुवात मी इथूनच करीन, कारण पाण्यात अजून तरी कुणाची जात-धर्म निघत नाही आणि सोलापुरात ज्याला पाण्याची काळजी नाही असं घर नाही. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात रोज एक चौकट येते: उजनी धरण, इतके टक्के. ती कापून आणा. मार्च-एप्रिलनंतरची असेल तर टक्क्यांच्या आधी ‘उणे’ किंवा ‘वजा’ लिहिलेलं असेल. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या जवळ गेला होता. आता कुणालाही विचारा, उणे साठ टक्के पाणी म्हणजे काय? शिकल्यासवरलेली माणसंही गडबडतात. धरण कोरडं पडून वर आणखी कर्ज झालं की काय?

घरातलं तोटी असलेलं पाण्याचं पिंप डोळ्यांसमोर आणा. तोटी बुडापासून चार बोटं वर बसवलेली असते. तोटीतून येणं थांबलं तरी खाली पाणी शिल्लक असतंच, ते वाटीनं काढावं लागतं. उजनीत एकूण साधारण 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे तोटीखालचं. वरचं 53-54 टीएमसी उपयुक्त साठा. पेपरातले टक्के मोजायला सुरुवात होते ती तोटीपासून. शून्य टक्के म्हणजे तोटीच्या पातळीला आलं, धरणात अजून 63 आहे. उणे साठ म्हणजे तोटीखालचं 32 टीएमसी वापरून झालं, आणि 31 च्या आसपास उरलं. पावसाळ्यात हाच आकडा शंभराच्या वर, 110 टक्क्यांपर्यंतही जातो, तेव्हा बायका हसतील, “शंभराच्या वर कसं?” तेही समजावता येतं. उपयुक्त साठ्याची जी रेघ ठरवली आहे तिच्याही वर पाणी साठवलं जातं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,800 कोटी लिटर. तो आकडा लिहून दाखवा. शून्यं मोजण्यातच अर्धा तास जाईल, आणि जाऊ द्या.

एवढं झालं की एखादी बाई विचारणारच: धरणात एवढं पाणी असतं तर आमच्या नळाला चार-चार दिवस का येत नाही? हा प्रश्न यायलाच हवा होता. याचं उत्तर तुम्ही देऊ नका, तुमच्याकडे ते असेल तरीही. त्यांनाच सांगू द्या. एक म्हणेल पाणी उसाला जातं, एक म्हणेल शंभर किलोमीटरहून लांबून यायचं तर पाइपलाइन पुरत नाही, एक म्हणेल आमच्या गल्लीत मोटारी लावून वरचे लोक ओढून घेतात. सगळं फळ्यावर मांडा, प्रत्येकीचं वाक्य तिच्याच शब्दांत. आपण बोललेलं फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलेलं बघताना या बायकांचे चेहरे कसे होतात, ते मी साक्षरतेच्या वर्गात बसून पुष्कळदा पाहिलं आहे. स्वतःचं वाक्य बाई पाठ म्हणून वाचते, आणि पाठ म्हणता म्हणता अक्षर ओळखते.

मग अर्ज लिहायला घ्या. प्रति, मा. विभागीय अधिकारी, झोन कार्यालय, सोलापूर महानगरपालिका. विषय. महोदय. खाली सह्या. आजवर अंगठा देणारी बाई पहिली सही जर अशा अर्जाखाली करणार असेल, तर ती सही परीक्षेच्या पेपरावरच्या सहीपेक्षा तिच्या जास्त लक्षात राहील. अर्जाच्या दोन प्रती करायला सांगा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणायची. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हे शिकवलंच पाहिजे. माझ्या मते ‘पोच’ घ्यायला शिकणं हे अर्ज लिहायला शिकण्याहून मोठं शिक्षण आहे. अर्जाचं पुढं काय होतं ते बघू. काहीच नाही झालं तर ‘स्मरणपत्र’ हा पुढचा धडा.

लाडक्या बहिणीचा विषय थोडक्यात. ही योजना चांगली की मतांसाठी काढलेली, यावर वर्गात दोन तट पडतील. पडू देत, मोठ्या बायका आहेत. तुम्ही पासबुक उघडा. नियम वाचा: वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिन्याला 1,500 रुपये थेट खात्यात. ज्यांचे पैसे ‘आले नाहीत’ त्यांतल्या काहींचे आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. आधारशी शेवटी जे खातं जोडलं असेल तिकडे सरकारी पैसे जातात, आणि दोन बँकांत खाती असलेल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. पासबुकातला ‘जमा’ रकाना कुठला आणि ‘नावे’ कुठला, हे बोट ठेवून दाखवा. ई-केवायसीच्या निमित्तानं कुणी फोन करून ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करायचा. सोलापूरच्या माणसाला 1930 हा आकडा वेगळा पाठ करायला नको. इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला ते साल आहे ते.

आता कठीण भाग. तो व्हिडिओ.

टीचर, या प्रसंगाला घाबरून सगळेच विषय बंद करू नका, पण झालं ते लहान होतं असंही समजू नका. खालांना काय लागलं असेल याचा विचार करा. कुठल्या तरी गावात, कुणीतरी अनोळखी माणसानं काहीतरी केलं असेल किंवा नसेल, आणि त्याचा जाब त्या बाईला वर्गात, शेजारणींच्या देखत द्यावा लागला. उद्या पारडं उलटं होऊन अक्कांवर तीच वेळ येऊ शकते. म्हणून एक नियम आजपासून करा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: या वर्गात कुणीही आपल्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, आणि कुणाकडून मागायचंही नाही. दुसरा नियम, वर्गात कुठलाही व्हिडिओ चालवायचा नाही. मेसेज असेल तर तो आधी टीचरच्या हातात. यात अक्कांचा अपमान होणार नाही, नियम सगळ्यांना सारखा.

आणि अक्कांवरही डोळे वटारू नका. तो व्हिडिओ त्यांना मुलानं पाठवला असेल, दिरानं पाठवला असेल. घरच्या माणसाकडून आलेल्या गोष्टीवर आपण सगळेच विश्वास ठेवतो. त्यांना बाजूला घेऊन एकटीला सांगा, चारचौघींत नको.

मग मेसेज वाचायचा धडा घ्या, पण त्याच व्हिडिओवर नको. आधी साधा मेसेज घ्या, अमुक पाल्यानं साखर बरी होते, असला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या वर बारीक बाण असतो. एक बाण म्हणजे कुणाकडून तरी पुढं आलेला. दोन बाण एकामागे एक असले तर तो पुष्कळ हातांतून फिरत आलेला. जिला एक अक्षर वाचता येत नाही, तिलाही दोन बाण मोजता येतात. कोऱ्या पाटीच्या बाईला पहिल्याच दिवशी शिकवता येईल असा हा धडा आहे, आणि तो तिच्या घरातल्या दहावी झालेल्या पोरालाही माहीत नसतो. ती घरी जाऊन त्याला दाखवेल, बघा.

बाणानंतर फळ्यावर तीन प्रश्न: कोण सांगतंय? कधीचं आहे? कुठलं आहे? नाव नाही, तारीख नाही, गाव नाही, तर खाली उत्तर लिहायचं: ‘माहीत नाही’. खरंही नाही, खोटंही नाही, माहीत नाही. हे दोन शब्द प्रत्येकीच्या वहीत आले पाहिजेत, आणि ‘माहीत नाही’ असलेलं पुढं पाठवायचं नाही. मग आठवड्याभरानं बायका स्वतःच मेसेज आणून दाखवायला लागतील. त्यांत एखादा धर्माचाही येईल. तोवर तिन्ही प्रश्न अंगवळणी पडलेले असतील, आणि भांडण माणसाशी न होता मेसेजशी होईल.

एक विनंती. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात ऐक्यावर भाषण करू नका. आपल्याकडे अशा वेळी लगेच चार हुतात्म्यांची, इंग्रजांनी त्या मार्शल लॉनंतर फाशी दिलेल्या चौघांची, नावं निघतात. त्या चौघांबद्दल मला अतिशय आदर आहे, म्हणूनच सांगते, त्यांना मलमपट्टीसाठी वापरू नका. लेक्चर ऐकून खाला परत येणार नाहीत आणि अक्का फक्त मान खाली घालतील. त्या नावांचा धडा वेगळ्या दिवशी घ्या. 12 जानेवारी जवळ आली की घ्या, 1931 साली त्या दिवशी येरवड्यात त्यांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. जोडाक्षरं शिकवायला याहून चांगली नावं मला सुचत नाहीत: ल्ल आहे, प्प आहे, ट्ट आहे, श्री आहे, न्न आहे आणि कुर्बानमध्ये रफार आहे. बायका त्यांच्या पुतळ्यांवरून रिक्षानं शेकडो वेळा गेलेल्या असतात. पुढच्या वेळी जाताना वाचतील. त्यावर काय वाटायचं ते त्यांचं त्यांना वाटू द्या.

कामगार कायद्यांचं विचारलंत. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने 29 कायदे त्यांत गेले. 1966 चा विडी-सिगार कामगार कायदाही त्यांतलाच. म्हणजे बायकांच्या कानावर आलं ते खरं आहे, आणि हा प्रश्न त्यांच्या पोटाशी इतका जवळचा आहे की टाळून चालणार नाही. पण इथं मी तुम्हाला सावध करीन. पाणी नाही आलं म्हणून अर्ज केला तर कुणाचं काम जात नाही. इथं जाऊ शकतं. वर्ग संपल्यावर तुम्ही शिकवणीला जाणार, आणि ती बाई सकाळी त्याच दारात पानं-तंबाखू घ्यायला उभी राहणार. म्हणून वर्गात हिशेब शिकवा: हजार विड्यांचा दर, आज किती दिल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, शेकडा किती झाल्या, पुस्तकात काय लिहिलं, प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा कुठे दिसतो. हिशेब जुळला नाही तर त्याचं काय करायचं, हे तिनं ठरवायचं, तिच्या घरच्यांशी आणि संघटनेशी बोलून. तुम्ही तिच्या वतीनं शूर होऊ नका.

सोलापूर यात गरीब नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली, ती याच बायकांच्या चळवळीतून. तेव्हा संघटनेतलं कुणीतरी जाणतं माणूस एक दिवस वर्गात बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी कामगार आयुक्त कार्यालयातलं. दोघांनाही आधीच सांगून ठेवा, अर्धा तास बोलायचं आणि अर्धा तास बायकांच्या प्रश्नांना द्यायचा. प्रश्न आदल्या दिवशी वह्यांत लिहून घ्या. पाहुण्यासमोर वहीतला प्रश्न वाचून दाखवणं, ही वाचनाची परीक्षाच झाली.

तो पत्रकंवाला कार्यकर्ता. त्याला सांगायचं, “दादा, आणा की, पण मी सगळ्यांची आणणार आहे.” बहुतेक वेळा तो पुन्हा येत नाही. आलाच तर खरोखर सगळ्या पक्षांची पत्रकं आणा आणि त्यांतली आश्वासनं बायकांकडून एका रांगेत लिहून घ्या. कोणी कोणतं काम किती दिवसांत करीन म्हणालं, एवढंच. ही वही पुढच्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवायची. 2026 च्या जानेवारीत महापालिकेला मतदान करताना बहुतेक प्रभागांत चार-चार मतं द्यायची होती, त्यात किती बायकांचा गोंधळ उडाला असेल. यंत्रावरची अ, ब, क, ड ही अक्षरं तर तुमच्या पुस्तकातलीच. कुणाला मत दिलं हे वर्गात कुणी विचारायचं नाही, तुम्हीही नाही. आणि वर्ग कुणाच्या संपर्क कार्यालयात, कुणाच्या फलकाखाली भरवू नका, पंखा फुकट मिळत असला तरीही.

बायका तुम्हाला विचारतीलच, “टीचर, तुम्हाला काय वाटतं?” लपवाछपवी करू नका, ती त्यांना लगेच कळते. मी असते तर म्हणाले असते, “आधी तुमचं सगळ्यांचं ऐकते, मग शेवटी माझं सांगते, आणि माझं चुकीचंही असू शकतं.” पक्ष कोणता, मत कोणाला, हे मात्र शेवटीही सांगायचं नाही. हुंडा, अठराच्या आत मुलीचं लग्न या बाबतीत मधला मार्ग धरू नका. तिथे कायदा स्पष्ट आहे, आणि टीचर कोणत्या बाजूला आहेत हे वर्गातल्या बायकांना ठाऊक असायला हवं.

राहिले केंद्रप्रमुख सर. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्यावरही वरून आकड्यांचा दबाव असतो. त्यांना कार्यक्रमाच्याच सूचना दाखवा. 2022 ते 2027 असा हा कार्यक्रम आहे, आणि त्याचे जे पाच भाग आहेत त्यांत अक्षरओळख व अंकज्ञानानंतर लगेच जीवनकौशल्यं येतात: पैशाचे व्यवहार, डिजिटल व्यवहार, कायद्याची माहिती, आरोग्य, आपत्तीच्या वेळी काय करायचं. उजनीची चौकट आणि पासबुक यांतच बसतात. परीक्षा 150 गुणांची, वाचन, लेखन आणि अंकज्ञानाला 50-50. उजनीच्या टक्क्यांत अंकज्ञान आहे, अर्जात लेखन आहे, मेसेजमध्ये वाचन आहे. सरांना शब्द द्या की रोज पहिला अर्धा तास पुस्तकालाच मिळेल, आणि तो खरंच द्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र त्या बायकांना हवं असतं, घरात फ्रेम करून लावतात. त्याची किंमत आपण कमी करायची नाही. सर तरीही ऐकत नसतील तर त्यांना अर्जाच्या दिवशी वर्गावर बोलवा. फार बोलावं लागणार नाही.

आईला सांगा, काळजी बरोबर आहे. फुले पती-पत्नींनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली तेव्हाही शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती नसती भानगडच वाटली असेल. पण रात्री उशिरा एकटी घरी येऊ नका, हे आईचं ऐका.

आता सर्वांत आधी करायचं काम, बाकीचं सगळं त्यानंतर. खालांच्या घरी जा. फोनवर बोलावून घेऊ नका, स्वतः जा, दुपारी, त्या पानं कातरत बसलेल्या असतात त्या वेळी. अक्कांना पहिल्या खेपेला बरोबर नेऊ नका. “माफ करा, सोडून द्या, झालं गेलं” असं काही म्हणू नका. दोन नियम केलेत ते सांगा, आणि त्या दिवशी व्हिडिओ लगेच थांबवायला हवा होता हे सरळ बोला. खाला बोलतील तेवढं ऐकून घ्या, मध्ये अक्कांची बाजू मांडू नका. वर्गात यायची तयारी नसेल तर आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याच ओट्यावर शिकवा. या कार्यक्रमात शिकणाऱ्याच्या सोयीच्या वेळी आणि सोयीच्या जागी शिकवता येतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सुनेचं वेगळं विचारा. तिचं वय कमी आहे, तिला यायचं असेल आणि सासूपुढं बोलता येत नसेल. तिची वही वर्गातच राहिली असेल तर ती घेऊन जा, आणि परीक्षेसाठी दोघींची नावं नोंदवायची मुदत संपायच्या आत जा.

तुमची,
ताई